खेळण्यातून बनवलेला सिक्वेन्सर सारखा स्टेप गाळतो, अडकतो : आधी दोष कुठला ते ओळखा

तक्रार ठरलेली असते. खेळण्यातला छोटा पियानो उघडला, बटणांच्या ट्रॅकवरून वायरी काढल्या, ४०१७ (पाळीपाळीने एकेक आउटपुट चालू करणारी काउंटर चिप) आणि ४०६६ (इलेक्ट्रॉनिक स्विचची चिप) लावून आठ स्टेपचा सिक्वेन्सर, म्हणजे ठरवलेले सूर एकामागून एक आपोआप वाजवणारं सर्किट, उभा केला. पहिल्या दिवशी टेबलावर मस्त वाजतो. मग टेम्पो चढवला की एखादा सूर गळतो. कधी तिसऱ्या स्टेपवरून थेट पाचवीवर उडी बसते, तर कधी एकच सूर भोंग्यासारखा वाजत राहतो आणि सेल उपसल्याशिवाय थांबत नाही. सेल बदलले की दोन दिवस बरं, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

दुरुस्ती टिकत नाही, कारण कानाला एकच वाटणारे हे तीन निरनिराळे दोष आहेत. एकात काउंटर चुकतो. दुसऱ्यात काउंटर बरोबर चालतो, पण बटण दाबलं गेल्याचं खेळण्याला कळत नाही. तिसऱ्यात खेळण्याची चिपच भान हरपते. ताज्या सेलनी तिन्ही थोडे थोडे झाकले जातात आणि मूळ दोष जागच्या जागी राहतो. बरेच जण पहिला संशय ४०१७ वर घेतात आणि तो बदलतात. तो बिघडलेला असण्याची शक्यता या सगळ्यात कमी असते.

कुठली जोडणी गृहीत धरली आहे

खेळणं तीन सेलचं, म्हणजे ४.५ व्होल्टचं. क्लॉक, म्हणजे ठोके देणारा भाग, सीडी४०१०६ मधल्या एका इन्व्हर्टरचा (हायचं लो आणि लोचं हाय करणारा भाग), आणि त्याच चिपमधला दुसरा इन्व्हर्टर बफर म्हणून पुढे. काउंटर सीडी४०१७, त्याची ९ नंबरची पिन १५ नंबरच्या रिसेटला जोडलेली, म्हणून दहाऐवजी आठ स्टेप. प्रत्येक स्टेपला एक सिलेक्टर स्विच, त्याने आठ सुरांपैकी एका सुराची लाइन निवडायची. स्टेप आणि सुराची लाइन यांच्यामध्ये १एन४१४८ डायोड हवाच. तोच सूर दोन स्टेपनी निवडला तर एका आउटपुटचा हाय दुसऱ्याच्या लो वर आदळतो, आणि डायोड ते थांबवतो. सुराच्या आठ लाइन दोन सीडी४०६६ च्या आठ कंट्रोल पिनांवर जातात आणि त्या चिपमधले स्विच खेळण्याच्या बटणांना समांतर जोडलेले असतात. ग्राउंड सगळ्यांचं एकच.

खेळणं सेलवर चालणारंच हवं. थेट विजेच्या सॉकेटवर चालणारी वस्तू अशा कामासाठी उघडायची नाही.

पहिली परीक्षा : दिव्यांकडे बघा

प्रत्येक स्टेपला एक एलईडी हवा. नसेल तर बाकी काही करण्याआधी तो लावा, कारण त्याच्याशिवाय हे सगळं अंधारात चाचपडणं आहे. टेम्पो सेकंदाला एक स्टेप इतका सावकाश ठेवा, आठही स्टेपवर वेगवेगळे सूर निवडा आणि दोन मिनिटं नुसतं बघा. मग टेम्पो वाढवत न्या.

दिवाच उडी मारत असेल तर दोष क्लॉक, रिसेट किंवा काउंटरच्या सप्लायमध्ये आहे. दिवे क्रमाने लागतात पण सूर गळतो, असं असेल तर दोष ४०६६ पासून बटणापर्यंतच्या वाटेवर आहे. आणि दिवे शांतपणे फिरत असताना खेळणं एकाच सुरावर किंवा गप्प अडकून बसलं, तर दोष खेळण्याच्या सप्लायमध्ये किंवा त्याच्या स्वतःच्या क्लॉकमध्ये शोधायचा. या तिघांत सरमिसळ झाली की एकाच सर्किटवर तीन रात्री जातात.

दिवाच उडी मारतो

४०१७ ची १३ नंबरची पिन ग्राउंडला आहे का ते पाहा. ही क्लॉक थांबवणारी पिन. ती मोकळी सोडली तरी सर्किट बऱ्याचदा चालतं, म्हणून विसरली जाते. या सगळ्या चिप सीमॉस प्रकारच्या, आणि मोकळी सीमॉस पिन अँटेनासारखी वागते: हात जवळ नेला की थांबते, बाजूला घेतला की चालते. तुमचा सिक्वेन्सर हाताच्या हालचालीला दाद देत असेल तर दुसरीकडे शोधायला जाऊ नका. ४०१०६ चे न वापरलेले इनपुट आणि ४०६६ ची एखादी रिकामी कंट्रोल पिन यांनाही हाच नियम, सगळ्या ग्राउंडला.

स्टेपची संख्या बदलायला रोटरी स्विच लावला असेल तर तो फिरवताना दोन जागांच्या मध्ये रिसेट पिन क्षणभर मोकळी पडते. पिन १५ वरून ग्राउंडला १०० किलोओमचा रेझिस्टर लावला की काम झालं.

एक-एक स्टेप पुढे ढकलायचं बटण असेल तर त्याचा पत्रा दाबताना काही मिलिसेकंद थरथरतो आणि काउंटर एका दाबात दोन-तीन घरं पुढे जातो. इनपुटवरून प्लसला १० किलोओम, ग्राउंडला १ मायक्रोफॅरड, आणि मग ४०१०६ चा एक इन्व्हर्टर. थेट ४०१७ ला बटण जोडायचं नाही.

सप्लायचं म्हणाल तर १०४ नंबरचा (०.१ मायक्रोफॅरडचा) सिरॅमिक कपॅसिटर ४०१७ च्या पिन १६ आणि ८ च्या अगदी मुळाशी हवा. बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला लावलेला कपॅसिटर न लावल्यासारखाच. क्लॉकसाठी साधा जुना ५५५ टायमर वापरला असेल तर तो काढा. आउटपुट पलटताना तो क्षणभर सप्लायमधून मोठा करंट ओढतो, ग्राउंड हलतं, आणि ४०१७ ला तोच झटका जास्तीचा क्लॉक वाटतो. शिवाय त्याला किमान ४.५ व्होल्ट लागतात, म्हणजे सेल जरा उतरले की तो आपल्या मर्यादेखाली. ५५५ च हवा असेल तर सीमॉस ७५५५ घ्या, पिना त्याच.

दिवे बरोबर, सूर गळतो

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात, आणि पहिला गुन्हेगार खुद्द तो एलईडीच असू शकतो.

४०१७ चं आउटपुट दुबळं असतं. पाच व्होल्टच्या आसपास ते एक मिलिअँपिअर नीट देतं, त्यापुढे त्याचं व्होल्टेज खचायला लागतं. आता त्याच आउटपुटवर ३३० ओममधून लाल एलईडी टांगला तर दिवा छान लागतो, पण मीटर लावून बघा: पिनवर ४.५ ऐवजी दोन ते अडीच व्होल्ट उरलेले दिसतील. पुढे डायोडमध्ये आणखी अर्धा-पाऊण व्होल्ट जातो. ४०६६ ची कंट्रोल पिन हाय धरायला सप्लायच्या साधारण ७० टक्के लागतात, म्हणजे ४.५ व्होल्टवर ३.१५. तिच्यापर्यंत पोहोचतात दोनच्याही आत. स्विच अर्धवटच जोडला जातो, कधी लागतो, कधी नाही. ताजे सेल ४.८ व्होल्ट देत असताना जे कसंबसं चालत होतं ते ४.३ वर बंद पडतं. सेल बदलले की दोन दिवस बरं वाटण्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

उपाय: प्रत्येक एलईडीला एक बीसी५४७. बेसला ४०१७ च्या आउटपुटवरून १०० किलोओम, एमिटर ग्राउंडला, एलईडी कलेक्टर आणि प्लसच्या मध्ये. एका वेळी एकच दिवा लागतो, म्हणून आठही दिव्यांना मिळून १ किलोओमचा एकच रेझिस्टर प्लसच्या बाजूला पुरतो. आता आउटपुटवर भार फक्त ४० मायक्रोअँपिअरचा. पिनवर ४.४ च्या वर दिसलं पाहिजे.

व्होल्टेज बरोबर असूनही सूर गळत असतील तर वेळेकडे वळा. खेळण्याची चिप प्रत्येक बटणाकडे सतत बघत नसते. ती ओळी आणि रकाने आळीपाळीने तपासते आणि एखादं बटण लागोपाठ काही फेऱ्यांत दाबलेलं दिसलं तरच ते खरं मानते. मुलाचं बोट बटणावर दहाव्या हिस्स्याच्या सेकंदाहून जास्त टेकतं, त्या हिशेबाने ती बांधलेली असते. तुमचा सिक्वेन्सर त्याहून घाईत आला तर तिने पाहिलंच नाही.

आपल्या खेळण्याला किमान किती वेळ लागतो हे मोजता येतं. दोन वेगळे सूर आलटून पालटून ठेवा, टेम्पो गळती सुरू होईपर्यंत वाढवा, मग किंचित मागे घ्या. दहा फेऱ्यांना किती सेकंद लागतात ते स्टॉपवॉचने मोजून ८० ने भागा. आठ सेकंद लागले तर स्टेप १०० मिलिसेकंदांची. हा आकडा डब्याच्या आत चिकटवून ठेवा, पुढे पुन्हा लागतो.

आता दुसरी गोम. ४०१७ एका स्टेपवरून दुसरीवर जाताना मध्ये श्वास घेत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या स्टेपवर एकच सूर निवडला तर खेळण्याच्या लेखी बोट उचललंच गेलं नाही: दोन ठोक्यांऐवजी एक लांब सूर. लोक म्हणतात तिसरी स्टेप गळते. ती गळत नाही, चिकटते. काही एकसुरी खेळणी तर वेगळं बटण आलं तरी आधीचं सुटल्याशिवाय नवं घेत नाहीत, आणि तिथे ही फट नसेल तर दर दुसरा सूर नाहीसा होतो.

फट पाडायला जादा चिप लागत नाही. सुराची लाइन थेट कंट्रोल पिनला न देता मध्ये २२ किलोओम टाका. कंट्रोल पिनवरून एक १एन४१४८ क्लॉकच्या बफर केलेल्या आउटपुटकडे, पट्ट्याची बाजू क्लॉककडे. ४०१७ क्लॉक चढताना पुढे सरकतो, म्हणून स्टेपच्या पहिल्या अर्ध्यात क्लॉक हाय असतो आणि स्विच लागतो. दुसऱ्या अर्ध्यात क्लॉक लो होऊन डायोड कंट्रोल पिनला ०.६ व्होल्टच्या आसपास खाली ओढतो आणि बटण सुटतं. आठ सुरांना आठ रेझिस्टर आणि आठ डायोड लागतील. डायोड बफरच्या आउटपुटला जोडा, ज्या इन्व्हर्टरच्या इनपुटवर क्लॉकचा कपॅसिटर आहे त्याला नाही, नाहीतर टेम्पोच सुरांप्रमाणे हलायला लागेल.

इथे एक चूक फार होते. सुराच्या लाइनला ग्राउंडकडे १०० किलोओमचा पुल-डाउन हवा, कारण डायोड फक्त वर ओढतो, खाली नाही. तो २२ किलोओमच्या आधी, म्हणजे स्टेपकडच्या बाजूला लावा. पलीकडे, कंट्रोल पिनवर लावला तर २२ आणि १०० मिळून व्होल्टेज वाटून घेतात, ३.९ चे ३.२ होतात, आणि आपण पुन्हा त्या ३.१५ च्या काठावर. जागा दोन सेंटिमीटर इकडे की तिकडे, पण एका जागी सर्किट कायमचं बरं आणि दुसऱ्या जागी सेलच्या मर्जीवर.

फट आल्यावर बटण दाबलं राहण्याचा वेळ निम्मा झाला हे ध्यानात घेऊन वरचं मोजमाप पुन्हा करा. मग जास्तीत जास्त टेम्पो सर्किटमध्येच बांधून टाका. ४०१०६ चा क्लॉक साधारण ०.८ गुणिले आर (रेझिस्टन्स) गुणिले सी (कपॅसिटन्स) इतक्या वेळाने फिरतो. हा गुणांक उत्पादक आणि व्होल्टेजप्रमाणे थोडा बदलतो. एक मायक्रोफॅरड आणि १ मेगओमचा पॉट (फिरवून रेझिस्टन्स बदलायचा) घेतला, आणि खेळण्याला १०० मिलिसेकंदांची स्टेप लागते असं निघालं, तर हिशेब १२५ किलोओमचा येतो. पॉटच्या मालिकेत १५० किलोओम टाका. पॉट शेवटपर्यंत पिळला तरी सिक्वेन्सर खेळण्याच्या पुढे धावणार नाही. तो एक मायक्रोफॅरड शक्यतो फिल्मचा घ्या. जुन्या इलेक्ट्रोलिटिकमधून गळती होते आणि टेम्पो तापमानाबरोबर सरकतो.

पिच खाली आणला की गळती का वाढते

ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही, आणि अर्ध्या तक्रारींचं मूळ तिच्यात आहे.

पिच बेंड करायला, म्हणजे सुराची उंची वरखाली करायला, आपण खेळण्याच्या क्लॉकचा रेझिस्टर काढून पॉट लावतो. स्वस्त खेळण्यांत बहुधा तो एकच क्लॉक सगळं हाकतो: सुराची उंचीही त्याच्यावर आणि बटणं तपासण्याची गतीही त्याच्यावर. पिच एक सप्तक खाली आणला म्हणजे क्लॉक निम्मा झाला, आणि बटण ओळखायला लागणारा वेळ दुप्पट. नेहमीच्या पिचवर १०० मिलिसेकंदांत भागत होतं तिथे आता २०० हवेत. दोन सप्तकं खाली गेलात तर ४००. त्या खर्जातला तो दाट, घरघरणारा आवाज हवाच असतो, त्यासाठीच तर हे सगळं. पण तिथे टेम्पोही तितकाच उतरवावा लागतो. ४०६६ बदलून, वायरी बदलून यात काही फरक पडत नाही.

परीक्षा सोपी आहे. गळती चालू असताना टेम्पोला हात न लावता फक्त पिच मूळ जागी आणा. सूर परत आले तर सिक्वेन्सर निर्दोष आहे. मग पिचच्या पॉटला समांतर एक मोठा रेझिस्टर लावून खालची मर्यादा बांधा, किंवा टेम्पो आणि पिच एकत्र फिरवायची सवय करा.

व्होल्टेज आणि वेळ दोन्ही ठीक, तरीही गळती

मग उरतो स्विचचा रेझिस्टन्स आणि सोल्डरचे जोड. सीडी४०६६ पाच व्होल्टवर चालू असताना साधारण ४७० ओमचा असतो, काही नग हजाराच्या आसपास. खेळण्याच्या रबरी बटणांचा काळा कार्बन स्वतःच काहीशे ओम ते काही किलोओमचा असतो, म्हणून हे सहसा चालून जातं. दोन सेलच्या, तीन व्होल्टच्या खेळण्यात मात्र सीडी४०६६ चा रेझिस्टन्स झपाट्याने वाढतो. तिथे ७४एचसी४०६६ घ्या, पिना तशाच, पण सप्लाय कुठल्याही परिस्थितीत १० व्होल्टच्या आत. खेळणं किती सहन करतं हे बघायचं तर बटणाच्या दोन टोकांना आधी १ किलोओम, मग ४.७, मग १० किलोओम टेकवून बघा. १ किलोओमलाच कुरकुर करणाऱ्या खेळण्यात सीडी४०६६ भरवशाचा नाही.

जोडांबद्दल: बटणाखालच्या काळ्या कार्बनच्या ठशावर सोल्डर धरत नाही. धरल्यासारखं दिसतं, गोळीही बसते, पण खाली पकड नसते आणि डब्बा बंद करताना वायर ओढली गेली की जोड उघडतो. त्या ठशाकडे येणारा हिरव्या रंगाखालचा तांब्याचा ट्रॅक ब्लेडने चार-पाच मिलिमीटर खरवडा, तांबं गुलाबी चमकायला लागलं की थोडा फ्लक्स लावून तिथे जोडा. त्याहून बरं म्हणजे बटणांच्या बोर्डाकडून मुख्य बोर्डाकडे जाणाऱ्या रिबनची टोकं. तिथे सगळ्या ओळी-रकाने एका जागी, मोठ्या ठिपक्यांवर मिळतात. वायर ३० गेजची एकेरी तार, आणि जोडापासून एक सेंटिमीटरवर गरम गोंदाचा ठिपका, जोडावर नव्हे. जोडावरच गोंद ओतला की आतला तुटका जोड दिसत नाही आणि सापडतही नाही.

एखादा भलताच सूर लागत असेल तर तो मॅट्रिक्सचा, म्हणजे बटणांच्या ओळी-रकान्यांच्या जाळ्याचा, भुताटकीचा सूर. दोन ओळी आणि दोन रकाने मिळून होणाऱ्या चौकोनाचे तीन कोपरे एकदम जोडले गेले की चिपला चौथाही दिसतो. सिक्वेन्सर चालू असताना हाताने दोन बटणं दाबली की हे होणारच.

खेळणं अडकतं, सेल काढावे लागतात

आधी आवाज कमी करून बघा. स्पीकरच्या मालिकेत ४७ ओमचा रेझिस्टर टाका आणि तासभर चालवा. अडकणं थांबलं तर सप्लाय खचत होता. हिशेब बघा: ४.५ व्होल्टवर ८ ओमचा स्पीकर म्हणजे कागदावर अर्ध्या अँपिअरच्या वर. झिजलेले सेल, गंजलेली स्प्रिंग आणि बारीक वायर यांच्यातून असा झटका गेला की चिपच्या पिनवरचं व्होल्टेज क्षणभर कोसळतं. चिप पूर्ण बंद पडली असती तर पुन्हा नीट सुरू झाली असती. अर्धवट कोसळण्यात ती आपली जागा विसरते आणि शेवटचा सूर वाजवत बसते.

स्प्रिंगवरची पांढरी-हिरवी भुकटी व्हिनेगर लावलेल्या कापसाने पुसून वाळवा, सेलपासून बोर्डापर्यंत जाड आणि आखूड वायर टाका, आणि खेळण्याच्या सप्लाय पिनांजवळ ४७० ते १००० मायक्रोफॅरड, सोबत एक १०४. सिक्वेन्सरचा सप्लाय खेळण्याच्या प्लसवरून घेताना मध्ये ४७ ओम आणि पलीकडे १०० मायक्रोफॅरड ठेवा, म्हणजे स्पीकरचे झटके काउंटरपर्यंत येत नाहीत. दिव्यांसह सिक्वेन्सर तीन-चार मिलिअँपिअर घेतो, त्यामुळे ४७ ओमवर जाणारं व्होल्टेज ०.२ च्या आतच राहतं.

आता या उपायातून जन्मणारा नवा दोष. मोठा कपॅसिटर लावल्यावर अडकणं कमी होतं, पण अडकलंच तर स्विच बंद-चालू करून सुटत नाही. गप्प बसलेली चिप इतका कमी करंट घेते की कपॅसिटर तिला कितीतरी वेळ जागी ठेवतो. स्विच बंद करून पुन्हा चालू केला तरी तीच बिघडलेली अवस्था परत. त्यासाठी चेंजओव्हर प्रकारचं पुश बटण लावा: मधली पिन खेळण्याच्या प्लसला, एरवी जोडलेली पिन सेलच्या प्लसला, दाबल्यावर जोडली जाणारी पिन ४७ ओममधून ग्राउंडला. १००० मायक्रोफॅरड त्या वाटेने पाव सेकंदात रिकामा होतो. बेंट, म्हणजे असं आतून बदललेल्या, खेळण्याला हे बटण बाहेरच्या पॅनेलवर हवंच.

सप्लाय ठणठणीत असूनही अडकत असेल तर पिचच्या पॉटकडे या. दोन गोष्टी तपासा. पहिली, रेझिस्टन्स फार कमी झाला की क्लॉक चिपच्या आवाक्याबाहेर पळतो आणि चिप कोलमडते. मूळ रेझिस्टर २०० किलोओमचा असेल तर पॉटच्या मालिकेत १०० किलोओम कायमचा ठेवा. चिप आणखी सहन करते असं दिसलं तर मग कमी करत जा. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: पॉटची फक्त मधली आणि एक कडेची पिन वापरली असेल तर फिरवताना मधला पत्रा एका क्षणासाठी जरी कार्बनवरून उचलला गेला, तरी क्लॉकची वाट तुटते. क्लॉक थांबला, चिप अडकली. न वापरलेली तिसरी पिन मधल्या पिनला जोडून टाका. पत्रा उचलला तरी पॉटचा पूर्ण रेझिस्टन्स वाटेत राहतो, सूर क्षणभर खर्जात घसरतो आणि परत येतो. एका इंचाच्या वायरीने अडकण्याचा हा प्रकार पूर्ण संपतो.

क्लॉकच्या या वायरी आखूड ठेवा, दहा सेंटिमीटरच्या आत, आणि ४०१७ च्या वायरींबरोबर एकाच जुडग्यात बांधू नका. तिथला रेझिस्टन्स मोठा असल्याने शेजारून जाणारी प्रत्येक स्टेप पिचमध्ये टिकटिक करत ऐकू येते. क्लॉक रेझिस्टरऐवजी रेझोनेटरवर (ठरलेल्या एकाच वेगाने कंप पावणाऱ्या भागावर) असेल तर पॉट लावून काही होत नाही. तिथे रेझोनेटर काढून एलटीसी१७९९ ऑसिलेटर बसवतात. तो १ किलोहर्ट्झ ते ३३ मेगाहर्ट्झपर्यंत जातो, सप्लाय २.७ ते ५.५ व्होल्ट.

अडकल्यावर चिपवरचा काळा एपॉक्सीचा ठिपका बोटाला गरम लागत असेल तर ताबडतोब सेल काढा. याला लॅच-अप म्हणतात: सीमॉस चिपच्या एखाद्या पिनवर तिच्या सप्लायच्या बाहेरचं व्होल्टेज आलं की आत प्लसपासून ग्राउंडपर्यंत वाट उघडते आणि सप्लाय तोडल्याशिवाय बंद होत नाही. सिक्वेन्सर ९ व्होल्टवर आणि खेळणं ४.५ वर असताना एखादं आउटपुट ४०६६ शिवाय थेट खेळण्याच्या पिनला जोडलं की हेच होतं. ४०६६ मधून जोडलं तर ९ व्होल्टचा सिक्वेन्सर चालतो, पण दोन्ही एकाच वेळी चालू-बंद झाले पाहिजेत, म्हणून दुहेरी स्विच वापरा. खेळणं चालू आणि ४०६६ बंद राहिला तर खेळण्याचे स्कॅनचे सिग्नल ४०६६ च्या आतल्या डायोडमधून शिरून त्याला अर्धवट जिवंत करतात, आणि मग बटणं आपोआप लागतात.

मिक्सरला जोडल्यावरच अडकत असेल तर स्पीकरच्या दोन्ही वायरींवरून ग्राउंडकडे डीसी व्होल्टेज मोजा. दोन्हींवर सप्लायच्या निम्मं दिसलं तर अँप्लिफायर ब्रिज प्रकारचा आहे आणि त्यातली एकही वायर ग्राउंड नाही. तिला मिक्सरच्या ग्राउंडला जोडणं म्हणजे अँप्लिफायरचं एक टोक शॉर्ट करणं. एकाच वायरीवरून १० मायक्रोफॅरड आणि १० किलोओममधून सिग्नल घ्या, त्यानंतर ग्राउंडला १ किलोओम, आणि ग्राउंड सेलच्या मायनसवरून.

बेंडच्या, म्हणजे नवे आवाज काढायला सर्किटमध्ये मुद्दाम जोडलेल्या, वायरींनाही थोडी शिस्त हवी. या कलेतले कलाकार रीड गझाला यांनी १९९२ मध्ये तिला सर्किट बेंडिंग हे नाव दिलं, पण कलेचा उगम १९६० च्या दशकातल्या अपघाती शॉर्टमध्ये आहे, आणि शॉर्ट म्हटलं की अडकणं आलंच. प्रत्येक बेंडच्या मालिकेत आधी १ ते १० किलोओम टाकून बघा. आवाज बऱ्याचदा तोच येतो आणि अडकण्याचं प्रमाण उतरतं. सप्लाय पिनांना स्पर्श करणारा बेंड कधीच ठेवू नका.

जुनी खेळणी वेगळी

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचं १९७८ चं स्पीक अँड स्पेल हे बोलणारं खेळणं आणि त्या पिढीतली भावंडं पीमॉस या जुन्या प्रकारच्या चिपवर चालतात. आतला कन्व्हर्टर सेलच्या व्होल्टेजच्या बाहेरची व्होल्टेज बनवतो, आणि बटणांच्या ओळींवरही ती येऊ शकतात. ग्राउंड आणि ४.५ व्होल्टच्या मध्ये बसलेला ४०६६ तिथे टिकत नाही. तिथे प्रत्येक बटणाला एक रीड रिले (कॉइलच्या चुंबकाने पत्रे जुळवणारा स्विच) घ्या, बीसी५४७ ने चालवलेला, कॉइलला उलटा डायोड लावलेला. ५ व्होल्टच्या रीड रिलेची कॉइल साधारण ५०० ओमची, म्हणजे १० मिलिअँपिअर, म्हणून रिलेंचा सप्लाय वेगळ्या सेलवरून. रीडचे पत्रे एका मिलिसेकंदाच्या आसपास बंद होतात, त्यामुळे वेळेचा वरचा सगळा हिशेब तसाच लागू पडतो.